गेलेली पत

खत जाळलें म्हणजे कर्ज जळतें, अशी समजूत दीडशें वर्षांपूर्वीं नगर व पुणें जिल्ह्यांतील पुष्कळ कुणब्यांची झाली होती. आज ती वेडगळ वाटेल. त्या काळीं ती तशी नव्हती. ज्याला अक्षरओळख नाहीं, ज्याच्या घरीं स्वतःचा असा हिशेबाचा एकहि कागद नाहीं, त्याच्या लेखीं कर्ज म्हणजे सावकाराच्या पेटींतला तो स्टांपाचा कागदच होय. कागद आहे तोंवर कर्ज आहे. कागदच गेला तर मागणार कशाच्या आधारावर? याच विचारानें १२ मे १८७५ रोजीं सुपें या गांवीं, भर बाजाराच्या दिवशीं, जमलेल्या शेतकऱ्यांनीं सावकारांचीं घरें व दुकानें गांठलीं आणि खतें, रोखे व वह्या बाहेर ओढून त्यांची होळी केली. (हें सुपें पुणें जिल्ह्याच्या त्या वेळच्या भीमथडी तालुक्यांतलें, नगर-पुणें रस्त्यावर पारनेर तालुक्यांत जें सुपें लागतें, तें हें नव्हे.)

थोड्याच दिवसांत हें लोण भीमा ओलांडून नगर जिल्ह्यांत आलें. पारनेर, श्रीगोंदें, नगर आणि कर्जत या चार तालुक्यांतील गांवांतून तोच प्रकार घडला. इतिहासांत याला ‘दख्खनचे दंगे’ असें नांव पडलें आहे. परंतु दंगा म्हटल्यावर जें चित्र डोळ्यांसमोर उभें राहतें, त्यापेक्षां हें प्रकरण बरेंच निराळें होतें. सावकारानें कागद मुकाट्यानें हवालीं केले, तेथें बहुतेक ठिकाणीं त्याच्या अंगाला कोणी बोट लावलें नाहीं. मारहाणीचे व आगी लावण्याचे प्रकार झाले. पण ते थोडे. लोकांचा रोख माणसांवर नसून कागदांवर होता. सरकारनें पोलीस आणि पलटण धाडली, दोन्ही जिल्हे मिळून ९५१ लोक पकडले गेले, त्यांपैकीं पुष्कळांना शिक्षा झाल्या, आणि गांवें शांत झालीं.

येथवरची हकीकत शाळेच्या पुस्तकांतहि असते. खरा प्रश्न त्यापुढला आहे. मे महिना अर्धा उलटला होता. मृग नक्षत्र अवघ्या तीन-चार आठवड्यांवर आलें होतें. पेरणीला बीं पाहिजे, बैल मेला असेल तर बैल पाहिजे, सुगी होईपर्यंत घरांत दाणा पाहिजे. आणि बीं, बैल, दाणा या तिन्ही गोष्टी ज्याच्याकडून मिळावयाच्या, त्याचेंच दप्तर नुकतें जाळलेलें! कर्ज कागदावर लिहिलेलें असतें, म्हणून कागद जाळतां तरी येतो. पत कोठें लिहिलेली असते? ‘हा मनुष्य घेतलेलें परत करील’ हा दुसऱ्याच्या मनांतला भरंवसा म्हणजे पत. ती सावकाराच्या पेटींत नव्हती, त्यामुळें पेटी फोडूनहि ती कोणाच्या हातीं लागली नाहीं. नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्याची ही गेलेली पत पुढें पाऊणशें वर्षांत कशी आणि कितपत परत आली, हा त्या होळीपेक्षां अधिक मोलाचा इतिहास आहे.

पत गेली कशी, हें समजण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. पेशवाईंत सावकार नव्हता असें नाहीं, गांवोगांव होता. परंतु कुळाची जमीन लिलावांत काढून ती आपल्या नांवावर करून घेण्याची सोय त्याला सहसा नव्हती. वसुलीसाठीं पाटलाचें व पंचांचें तोंड पाहावें लागे. कुळ गांव सोडून परागंदा झालें तर नुकसान सावकाराचेंच होई. म्हणून तो देतांना हात राखून देई आणि मागतांना बेतानें मागे. १८१८ नंतर इंग्रजी अंमल आला. १८३६ सालीं इंदापूर तालुक्यापासून रयतवारीची नवी पाहणी सुरू झाली. कुणब्याचा आपल्या जमिनीवरचा हक्क स्वतंत्र, विकतां व गहाण टाकतां येण्याजोगा ठरला. जोडीला दिवाणी कोर्टें आलीं. याचा पहिला परिणाम मोठा चमत्कारिक झाला. कुणब्याची पत एकाएकीं वाढली! आतां सावकाराला माणसाकडे पाहण्याचें कारणच उरलें नाहीं. जमिनीकडे पाहिलें कीं पुरे. कूळ उद्योगी आहे कीं उधळें, पाऊसपाण्याचा अंदाज काय, लग्नाला काढलेलें कर्ज आहे कीं विहिरीला, ही चौकशी मागें पडली. पत बिघडण्याची सुरुवात पुष्कळदां अशी वाजवीपेक्षां अधिक पत मिळण्यापासून होते, हें येथें स्पष्ट दिसतें.

त्यांतच १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें. लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानच्या कापसाला कधीं नव्हे तो भाव आला. पैसा खेळूं लागला, सावकार आपण होऊन उंबरठ्याशीं येऊं लागला. १८६५ सालीं युद्ध संपलें, भाव कोसळले, आणि १८६७ पासून पुणें जिल्ह्याच्या पूर्वभागांत जमीनसाऱ्याची फेरआकारणी होऊन कित्येक गांवांचा सारा निम्म्याहून अधिक वाढला. देणें वाढलें, येणें घटलें. तेव्हां सावकारानें हात आंखडला. ज्याला कालपर्यंत मागेल तेवढें मिळत होतें, त्याला आज सारा भरण्यापुरतेंहि मिळेना.

या सगळ्यांत कुणब्याच्या बऱ्यासाठीं केलेला एक कायदाच त्याच्या गळ्याशीं आला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें साध्या कर्जरोख्याची मुदत तीन वर्षें ठरविली. हेतु हा कीं, जुनीं कर्जें उकरून काढून सावकारानें कुळाला छळूं नये. सावकारानें त्यावर तोड काढली. दर तीन वर्षांनीं मुद्दल व व्याज यांची बेरीज करून तेवढ्या रकमेचें नवें खत लिहून घ्यावयाचें. याचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. समजा, एकानें १०० रुपये दरमहा शेंकडा २ रुपये व्याजानें घेतले. तीन वर्षांचें व्याज ७२ रुपये; म्हणजे नवें खत १७२ रुपयांचें. आणखी तीन वर्षांनीं तें २९६ रुपयांच्या घरांत जातें. नवव्या वर्षाअखेर तोच आंकडा सुमारें ५०९ रुपये होतो. नऊ वर्षांत कुणब्याच्या हातांत नवा एक रुपयाहि पडलेला नाहीं. अंगठा मात्र तीनदां पडला. व्याज मुद्दलाहून अधिक चढूं नये, हा दामदुप्पटीचा आपला जुना दंडक या नव्या खतांनीं सहज चुकविला, कारण प्रत्येक खतांतलें व्याज पुढल्या खतांत मुद्दल होऊन बसे.

दंग्यांची चौकशी करण्यासाठीं सरकारनें कमिशन नेमलें. त्यानें नगर जिल्ह्यांतील बारा गांवांचे हिशेब बारकाईनें तपासले. सुमारें एक-तृतीयांश खातेदार कर्जांत बुडालेले, त्यांचें कर्ज सरासरीनें त्यांच्या साऱ्याच्या अठरा पट, आणि त्यांतलें जवळजवळ दोन-तृतीयांश जमीन गहाण टाकून काढलेलें, असें त्यांत आढळलें. या आंकड्यांची दुसरी बाजू सहसा कोणी पाहत नाहीं. दोन-तृतीयांश खातेदार तसे कर्जबाजारी नव्हतेच. पण सावकारानें हात आंखडला तो सर्वांपुढें. एकदां एखाद्या वर्गाची म्हणून पत गेली, म्हणजे त्या वर्गांतल्या चोख माणसालाहि ती उरत नाहीं.

आणि पत ही एकाच बाजूची वस्तु आहे असेंहि नाहीं. दंग्यापूर्वीं पांच-सहा महिने, डिसेंबर १८७४ मध्यें, शिरूर तालुक्यांतील करडें या गांवीं एका सावकारानें तेथील देशमुखावर दीडशें रुपयांचा हुकूमनामा मिळविला आणि त्याचा वाडा पाडण्याची तयारी चालविली. सगळ्या गांवानें त्या सावकाराशीं व्यवहार तोडला. त्याच्या दुकानीं कोणी जाईना, त्याचें पाणी कोणी भरीना, त्याच्या शेतांत कोणी राबेना. अखेर त्याला तेथून हलावें लागलें. कोर्टाचा हुकूमनामा त्याच्या हातांत होता. गांवांतली पत तेवढी गेली होती. हा बहिष्कार आसपासच्या गांवांनीं उचलला, आणि होळी पेटली ती त्यानंतर.

कमिशनच्या अहवालानंतर १८७९ सालीं ‘दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा’ झाला आणि पुणें, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांना तो लागू झाला. त्या काळाच्या मानानें हा कायदा धाडसी म्हटला पाहिजे. कोर्टानें नुसत्या खतावर विसंबूं नये. व्यवहाराच्या मुळाशीं जाऊन आरंभींचें मुद्दल किती, दिलें किती, घेतलें किती हें शोधावें. व्याज मुद्दलांत मिसळूं नये. कर्जासाठीं शेतकऱ्याला तुरुंगांत घालूं नये. खास गहाण टाकलेली नसेल ती जमीन साध्या हुकूमनाम्यापायीं विकूं नये. देणें हप्त्यांनीं फेडण्याची सवलत द्यावी. खतें गांवच्या रजिस्ट्रारासमोर लिहिलीं जावींत. कज्जा कोर्टांत जाण्यापूर्वीं समेट घडवून आणणाऱ्या सलोखेदारांपुढें जावा. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांनीं याच कायद्याखालीं विशेष न्यायाधीश म्हणून काम केलें, आणि त्या निमित्तानें या चारी जिल्ह्यांतील खेड्यांचीं दुःखें त्यांनीं जवळून पाहिलीं.

या कायद्यांत एक प्रकरण होतें, त्याकडे फारसें लक्ष गेलेलें नाहीं. ऋणकोला भरलेल्या रकमेची पावती मागण्याचा, दरसाल हिशेबाचा उतारा मागण्याचा आणि आपल्याजवळ खातेपुस्तक ठेवण्याचा हक्क त्यांत दिलेला होता. म्हणजे सावकाराच्या वहींत आपल्या नांवावर काय लिहिलें आहे, तें पाहण्याचा हक्क. आज शहरांतील सुशिक्षित कुटुंबाला हें जुनें-पुराणें वाटण्याचें कारण नाहीं. २००० सालीं आपल्याकडे ‘सिबिल’ ही संस्था निघाली, २००५ सालीं पतमाहिती संस्थांचा कायदा झाला, आणि आतां प्रत्येक कर्जदाराची पत ३०० ते ९०० या आंकड्यांत मोजली जाते. हप्ता चुकला कीं आंकडा उतरतो. नियमानें भरीत गेलें कीं हळूहळू चढतो. आपला अहवाल वर्षांतून एकदां फुकट मागवितां येतो, आणि त्यांत चूक असल्यास तक्रारीनंतर तीस दिवसांत तिचा निकाल लागला पाहिजे, असा नियम आहे. वही बदलली, पेटीच्या जागीं संगणक आला. पण आपल्या नांवावर काय लिहिलें आहे तें वाचून पाहण्याचा कंटाळा मात्र १८७९ मध्येंहि होता आणि आजहि आहे. त्या वेळच्या कुणब्याला निदान ‘वाचतां येत नाहीं’ अशी सबब होती.

कायद्यानें कर्जें कमी झालीं, जमिनीहि कांहीं वांचल्या. पत मात्र वाढली नाहीं. उलट ती आणखी आटली. कोर्ट खताच्या मुळाशीं जातें असें दिसतांच सावकार गहाणखत घेईना. ‘खरेदीखत लिहून दे, पैसे फेडलेस म्हणजे जमीन परत देईन’ असें तो म्हणूं लागला. तोंडचा करार तोंडींच राहिला, आणि कागदावर जमीन गेली ती गेली. कायद्याच्या संरक्षणानें जो वांचला, त्याला दुसऱ्या वर्षीं उधार देण्यास कोणी पुढें येईना. सावकाराच्या बाजूनेंहि एक गोष्ट सांगितली पाहिजे. अवर्षणाच्या वर्षीं कोरडवाहू गांवांत पैसा लावणें हा जुगारच होता, आणि गांवांत तो जुगार खेळणारा त्याच्याशिवाय दुसरा कोणी नव्हता. १८७६-७७ चा दुष्काळ दंग्यांपाठोपाठ आला. १८९६-९७ आणि १८९९-१९०० हे दुष्काळ पुढें आले.

सावकाराच्या जागीं दुसरें कोणी उभें करावें, हा विचार प्रथम सर विल्यम वेडरबर्न आणि रानडे यांनीं मांडला. पुरंदर तालुक्यांत शेतकी पेढी काढावी, तिनें जुनीं कर्जें मिटवून माफक व्याजानें नवीं द्यावींत, अशी १८८२ च्या सुमाराची ती योजना होती. हिंदुस्थान सरकारानें ती उचलून धरली. पण विलायतेंतील स्टेट सेक्रेटरीनें ती नामंजूर केली. त्याच सुमारास तगाईचे कायदे झाले. तगाई मिळे, परंतु ती कारकुनाच्या सहीची वाट पाहत मिळे, आणि पेरणी कारकुनासाठीं थांबत नसते.

नवी वाट १९०४ च्या सहकारी पतपेढ्यांच्या कायद्यानें उघडली. ती कल्पना मूळची जर्मनींतली. तेथें रायफायझेन नांवाच्या एका मेयरनें १८६४ सालीं हेडेसडोर्फ या गांवीं अशी पेढी काढली होती. तिचें तत्त्व साधें होतें. एकट्या गरीब शेतकऱ्याला बँक ओळखीत नाहीं. पण दहा-वीस शेतकरी ‘आमच्यांतला कोणी बुडाला तर आम्ही सारे देऊं’ असें लिहून देतील, तर त्या सर्वांना मिळून बँक ओळखील. यालाच अमर्याद जबाबदारी म्हणतात. गांव लहान, सर्व एकमेकांस ओळखणारे. कोणाच्या शेतांत काय उभें आहे, कोण पैसे बियाण्याला नेतो आणि कोण तमाशाला, हें सर्वांना ठाऊक. सावकारानें जमिनीकडे पाहूं लागल्यापासून माणसाची जी चौकशी सोडून दिली होती, तीच येथें शेजारी शेजाऱ्याची करूं लागला. मुंबई इलाख्यांतील पहिली अशी सोसायटी १९०५ सालीं धारवाड जिल्ह्यांत कणगिनहाळ येथें निघाली. १९११ मध्यें विठ्ठलदास ठाकरसी व लल्लूभाई सामळदास यांच्या खटपटीनें मुंबईंत सहकारी मध्यवर्ती बँक स्थापन झाली, आणि शहरांतला पैसा खेड्याकडे वळविण्यास एक पाट मिळाला.

सोसायटींत पत कशी तयार होई, तें पाहण्यासारखें आहे. प्रत्येक सभासदाची हैसियत, म्हणजे जमीन किती, बैल किती, देणें किती, हें एका पुस्तकांत नोंदलें जाई आणि त्यावरून त्याला जास्तींत जास्त किती द्यावयाचें ही मर्यादा ठरे. कर्ज कशासाठीं पाहिजे तें सांगावें लागे. सभासदांतलेच जामीन द्यावे लागत. आरंभीं रक्कम लहान. ती पिकाच्या हंगामावर परत आली, म्हणजे पुढल्या वर्षीं थोडी मोठी. जुनें सावकारी कर्ज एकदम फेडण्याची ऐपत सोसायटींत नव्हती, आणि जेथें तसा घाईचा प्रयत्न झाला तेथें तो बहुधा अंगाशीं आला. गेलेली पत लहान लहान रकमांनीं, ठरल्या तारखेला, चारचौघांसमक्ष परत येत होती. दुसरा जवळचा रस्ता कोणाला सांपडला नाहीं.

नगर जिल्ह्यांत याला जोड मिळाली ती पाण्याची. प्रवरा नदीवर भंडारदरा येथें धरण होऊन १९२६ सालीं त्याचें उद्घाटन झालें. प्रवरेच्या कालव्यांखालीं ऊस आला, गूळ आला आणि गुळाबरोबर मोठीं कर्जेंहि आलीं. कारण उसाला खत, पाणीपट्टी व मजुरी यांपायीं जो खर्च येतो, त्यापुढें बाजरीचा खर्च कांहींच नव्हे. भांडवलवाल्या साखर कंपन्या आल्या. हरेगांवला बेलापूर कंपनीचा कारखाना उभा राहिला. पुष्कळ शेतकऱ्यांनीं आपल्या जमिनी कंपन्यांना खंडानें देऊन टाकल्या. पाण्याखालची जमीन हातीं असून ती कसण्यापुरती पत जवळ नाहीं, अशी त्यांची स्थिति होती.

याच भागांत लोणी बुद्रुक येथें १९२३ सालीं विठ्ठलराव विखे पाटील यांनीं सहकारी पतपेढी काढली. विखे पाटील शाळेंत फार शिकलेले नव्हते. परंतु सावकाराच्या वहींत गांव कसा अडकतो हें त्यांनीं जवळून पाहिलें होतें. पेढी निघाली आणि सारें सुरळीत झालें, असें मात्र कोणी समजूं नये. १९२९ नंतर जगभर मंदीची लाट आली, गुळाचे व धान्याचे भाव उतरले, आणि इलाखाभर सोसायट्यांच्या थकबाक्या फुगल्या. कित्येक सोसायट्या मोडींत निघाल्या. ज्या अमर्याद जबाबदारीनें पत मिळवून दिली होती, तिनेंच आतां चोख देणाऱ्याला शेजाऱ्याच्या बुडीत कर्जांत ओढलें. त्या काळीं ज्या सोसायट्या टिकल्या, त्या टिकविणाऱ्यांची कसोटी पहिल्या स्थापनेच्या वेळेपेक्षां कितीतरी कठीण होती. सरकारनें १९३९ सालीं आणि पुनः १९४७ सालीं कर्जनिवारणाचे कायदे करून जुनीं कर्जें छाटलीं. युद्धकाळांत मालाचे भाव चढले, तेव्हां ज्यांच्याजवळ विकण्याजोगा माल होता त्यांनीं बरीचशी देणीं वारलीं.

पुढला टप्पा मोठा होता. १९४५ सालीं बेलापूर रोड, म्हणजे आजचें श्रीरामपूर, येथें कालव्यांवरील बागाईतदारांची परिषद भरली. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक प्राध्यापक धनंजयराव गाडगीळ तिचे अध्यक्ष होते. शेतकऱ्यांनीं स्वतःचा साखर कारखाना सहकारी तत्त्वावर काढावा, असा विचार तेथें पुढें आला. विखे पाटील व त्यांचे सहकारी गांवोगांव फिरून भाग गोळा करूं लागले. हें काम किती बिकट होतें, तें सहज कल्पनेंत येईल. ज्या वर्गाला सत्तर वर्षांपूर्वीं पेरणीच्या बियाण्यापुरतेंहि कोणी उधार देत नव्हतें, तो आतां लाखो रुपयांच्या यंत्रसामग्रीसाठीं कर्ज मागणार होता. मुंबईच्या प्रांतिक सहकारी बँकेचा कारभार ज्यांनीं सुमारें पस्तीस वर्षें पाहिला, ते वैकुंठभाई मेहता या उद्योगाच्या पाठीशीं उभे राहिले. मुंबई सरकारनें भाग घेतले, आणि १९४८ सालीं स्थापन झालेल्या औद्योगिक अर्थसाह्य मंडळाकडून दीर्घ मुदतीचें कर्ज मिळालें. गाडगीळ कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले, आणि १९५०-५१ च्या हंगामांत प्रवरा सहकारी साखर कारखान्याचें गाळप सुरू झालें. १९६१ सालीं पंडित नेहरू तेथें येऊन गेले. त्याच वर्षीं विखे पाटलांना पद्मश्री मिळाली. हा आशियांतला पहिला सहकारी साखर कारखाना असें नेहमीं म्हटलें जातें. तें तंतोतंत खरें नाहीं. आंध्रांत विशाखापट्टण जिल्ह्यांत एटिकोप्पाका येथें १९३३ सालींच सहकारी कारखाना निघाला होता. महाराष्ट्राला मात्र वाट दाखविली ती प्रवरेनें, आणि तेवढें श्रेय कांहीं लहान नव्हे.

कारखान्यामुळें पतीच्या दृष्टीनें काय बदललें? शेतकऱ्याचा ऊस कारखान्याकडे जातो; त्याचे पैसे कारखान्याकडून यावयाचे असतात; सोसायटीचें कर्ज त्या बिलांतून परस्पर वळतें होतें. म्हणजे देणाऱ्याला जमिनीकडे पाहण्याचें कारण नाहीं आणि घेणाऱ्याच्या अंगठ्याचेंहि कारण नाहीं. उभें पीक आणि तें विकत घेणारी स्वतःची संस्था, हेंच तारण. १८५९ च्या खतांत जें कधींच नव्हतें, तें यांत आहे. कर्ज फेडण्याची तारीख आणि हातांत पैसा येण्याची तारीख एकच.

परंतु सगळा जिल्हा कालव्याखालीं नाहीं, आणि देशाची स्थिति तर याहून पुष्कळ निराळी होती. १९५१ मध्यें गोरवाला समितीनें ग्रामीण कर्जाची देशव्यापी पाहणी केली. गाडगीळ स्वतः या समितीवर होते. शेतकऱ्यांच्या एकूण कर्जापैकीं सहकारी संस्थांकडून आलेला वांटा शेंकडा ३·१ इतकाच भरला. सावकारांचा शेंकडा ७० च्या आसपास होता. सहकारी कायद्याला तेव्हां सत्तेचाळीस वर्षें झालीं होतीं. आणि संस्थांची पतहि माणसांच्या पतीप्रमाणें जपावी लागते, याचा दाखला नगर शहरानेंच अलीकडे दिला. १९१० सालीं निघालेल्या, शंभरी ओलांडलेल्या नगर अर्बन सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेनें ऑक्टोबर २०२३ मध्यें रद्द केला. या प्रसंगीं पत गमावली ती कर्ज देणाऱ्या संस्थेनें, आणि घोर लागला तो ठेवीदारांच्या घरांना.

ज्या पारनेर तालुक्यांत १८७५ सालीं वह्या जळल्या, तेथें प्रवरेचें पाणी पोंचलें नाहीं. तेथील राळेगण सिद्धी या दुष्काळी गांवीं १९७५ सालीं, म्हणजे दंग्यांनंतर बरोबर शंभर वर्षांनीं, सैन्यांतून परतलेले अण्णा हजारे राहावयास आले. आधीं पाणी अडविण्याचें काम झालें; पुढें १९८० च्या सुमारास गांवानें देवळांत धान्याची पेढी सुरू केली. ज्याच्याकडे अधिक पिकलें त्यानें तेथें धान्य घालावयाचें; ज्याला तोटा पडला त्यानें न्यावयाचें आणि सुगीला, घेतलें त्याहून थोडें अधिक, परत आणून घालावयाचें. सावकाराकडून सवाई-दिढीनें दाणे आणण्याची जी जुनी रीत, तिचीच ही मांडणी. कोठार मात्र आतां गांवाचें, आणि अधिक आलेले दाणेहि त्याच कोठारांत राहतात.